अझरबैजानमधली बहुभाषिक गावं : डोंगरानं राखली की पोटापाण्याच्या धंद्यानं?

रानवारा

अझरबैजान म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते बाकू, तिथल्या ज्वाळांच्या आकाराच्या इमारती आणि तेल. सहल कंपन्या फार तर गबाला आणि शाहदागपर्यंत नेतात. मला त्याच रस्त्यांवरच्या, पण पर्यटकांच्या गाड्या सहसा न थांबणाऱ्या गावांबद्दल लिहायचं आहे. यातल्या बहुतेक गावांत मी जाऊन आलो आहे, बाकीचं वाचून जमवलं आहे.

नकाशावर पाच नावं शोधा : खिनालिग, गिर्मिझी गसबा, लाहिज, इवानोव्का आणि निज. सरळ रेषेत मोजलं तर ही पाचही गावं शंभर किलोमीटरच्या आत बसतात, फक्त मधे कॉकेशसची मुख्य रांग आडवी आहे. खिनालिगची भाषा खिनालिगच, त्या एका गावाची. गुबा शहरासमोर नदीपल्याडच्या गिर्मिझी गसब्यात पहाडी ज्यूंची जुहुरी. लाहिजमध्ये फारसीच्या गोतावळ्यातली तात. इवानोव्कात रशियन. निजमध्ये उदी. आणि या सगळ्यांना बाजाराशी, सरकारशी आणि एकमेकांशी जोडणारी तुर्की कुळातली अझरबैजानी. धर्म पाहायला जाल तर सुन्नी, शिया, ज्यू आणि दोन अगदी वेगळ्या धाटणीचे ख्रिस्ती.

खिनालिगपासून सुरुवात करतो. गाव दोन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे. घरं दगडाची, माळवदाची, आणि उतारावर अशी चढत गेलेली की खालच्या घराचं माळवद तेच वरच्या घराचं अंगण. आसपास झाडं जवळजवळ नाहीतच, म्हणून जळण शेणाचं. आपल्यासारख्या गोल गोवऱ्या थापत नाहीत. शेणाचे विटांसारखे चौकोनी तुकडे पाडून वाळवतात आणि हिवाळ्याची बेगमी म्हणून त्यांच्या भिंतीच्या भिंती रचून ठेवतात. सगळा संसार मेंढीवर. उन्हाळ्यात कळप गावाभोवतीच्या कुरणांत, थंडी पडायच्या आत खाली मध्य अझरबैजानच्या सपाटीवर, ज्याला तिकडे 'आरान' म्हणतात. ही वाट सुमारे २०० किलोमीटरची आहे, 'क्योच योलू' नावाची. २०२३ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत नुसतं गाव घातलं नाही, ही मेंढरांची वाटही त्याच्यासोबत घातली. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. घरं कितीही जपली तरी वाट बंद पडली, कुरणं गेली, तर त्या माळवदांवर राहायला कुणी उरणार नाही.

लाहिज हे इस्माइल्ली जिल्ह्यात गिर्दिमान नदीच्या काठावर. गोट्यांनी फरसबंद केलेली मुख्य गल्ली, खाली दुकान आणि वर घर, भिंतींमध्ये ठरावीक अंतरावर आडव्या लाकडी पट्ट्या, कारण हा भूकंपाचा मुलूख आहे. जवळच्या शमाखी शहराचा १८५९ च्या भूकंपात असा विध्वंस झाला की प्रांताची राजधानीच बाकूला हलवावी लागली. लाहिजची ख्याती तांब्याची. तिथल्या तांबटकामाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

इवानोव्का त्याच जिल्ह्यात, पण तिथं पाऊल ठेवलं की वेगळ्याच मुलखात आल्यासारखं वाटतं. सरळ रुंद रस्ते, चुना दिलेली घरं, निळ्या रंगाच्या खिडक्या, समोवारमधला चहा. हे मोलोकान लोक. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चला न मानणारे, मूर्तीचित्रं, क्रूस, पुरोहित काहीच नको म्हणणारे, डुक्कर न खाणारे. झार निकोलाय पहिल्याच्या काळात, १८३० च्या हुकुमानंतर, अशा पंथांना रशियाच्या पोटातून उचलून कॉकेशसपलीकडे धाडलं गेलं. शिक्षा म्हणून पाठवलेल्या लोकांनी तिथं उत्तम शेती उभी केली. सोव्हिएत काळात त्यांचं सामुदायिक शेत, म्हणजे कोल्खोझ, नावाजलं गेलं. निकोलाय निकितीन नावाचे अध्यक्ष अनेक दशकं ते चालवत होते आणि आज त्या शेताला त्यांचंच नाव आहे. १९९० च्या दशकात देशभर कोल्खोझं मोडून जमीन वाटली गेली, तेव्हा इवानोव्काच्या लोकांनी आपलं एकत्रच राहू द्या म्हणून मागणी केली आणि ती मान्य झाली. इतर बऱ्याच मोलोकान गावांमधून माणसं रशियाला निघून गेली. इवानोव्का बऱ्यापैकी टिकलं.

निज गबाला जिल्ह्यात. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक घर आपापल्या हेझलनट, अक्रोड आणि चेस्टनटच्या बागेत बुडालेलं. उदी लोक ख्रिस्ती आहेत, आणि जगातल्या उदींची सर्वांत मोठी वस्ती इथंच. २००९ च्या जनगणनेत देशात ३८०० उदी होते.

आता माझं मत. या गावांबद्दल लिहिणारे बहुतेक जण 'दुर्गम डोंगरांनी भाषा जपल्या' एवढं म्हणून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. निज काही दुर्गम नाही, सपाटीवर आहे. इवानोव्कालाही डांबरी रस्ता कधीचाच आहे. आणि खिनालिगचे मेंढपाळ तर दरवर्षी शेकडो किलोमीटर उतरून दुसऱ्या भाषेच्या मुलखात हिवाळा काढत आले. माझ्या मते प्रत्येक गावाला स्वतःचा असा एक धंदा होता, जो त्या जागीच आणि त्या गोतातच करता येत होता. मेंढीची वाट, तांब्याची भट्टी, सामुदायिक शेत, हेझलनटची बाग. धंदा घरात राहिला म्हणून भाषा घरात राहिली. तुमचं काय म्हणणं?

शमिका

फार सुंदर लेख. गोवऱ्यांच्या भिंतींचे फोटो पूर्वी पाहिले होते, पण त्या भिंती म्हणजे जळणाचा साठा हे आज कळलं.

एक शंका. डोंगर अगदीच मोडीत काढताय का तुम्ही? खिनालिगला पक्का रस्ता गेला तो या शतकात. त्याआधी हिवाळ्यात गाव बाहेरच्या जगापासून तुटत असणार. पुरुष मेंढरांबरोबर खाली जात असतील, पण बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं गावातच. भाषा तर आईकडून येते. म्हणजे पुरुषांचा धंदा आणि बायकांचा डोंगर, अशी दोघांनी मिळून राखली असं म्हणता येईल का?

भाषावेल्हाळ

शमिका, मुद्दा अगदी बरोबर. कॉकेशसमधल्या अभ्यासातही हे दिसतं की जुन्या पिढीत पुरुष दोन-तीन भाषा सहज बोलत आणि बायकांना तुलनेनं कमी येत. त्यात गावातल्या गावात सोयरिक करायची रीत. सून बाहेरची आली नाही की घरात दुसरी भाषा शिरत नाही.

धागाकर्त्याच्या यादीत थोडी भर घालतो. खिनालिगच्या आसपासच, त्याच गुबा जिल्ह्यात, बुदुग आणि ग्रिझ ही गावं आहेत. ग्रिझ भाषेची जेक, अलिक, हापित अशी आणखी गावं. खिनालिग, बुदुग, ग्रिझ या तिन्ही भाषा ईशान्य कॉकेशियन कुळातल्या, म्हणजे दागेस्तानी आणि चेचेनच्या नात्यातल्या. पण बुदुग आणि ग्रिझ या लेझगी शाखेत मोडतात, आणि खिनालिग कुणाच्याच शाखेत नीट बसत नाही. तिची फांदी वेगळी. म्हणून शेजारच्या डोंगरातल्या माणसाशी बोलायला अझरबैजानीच लागते. मॉस्को विद्यापीठाचे अलेक्सांद्र किब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये खिनालिगच्या व्याकरणावर पुस्तक काढलं, तेव्हापासून जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांची तिथं ये-जा आहे.

बुदुगची अवस्था मात्र बिकट आहे. गावातली बरीच कुटुंबं सपाटीवर उतरली, मुलं अझरबैजानीत वाढली. इथं धागाकर्त्याचं मत पटतं. डोंगर बुदुगलाही होता. खिनालिगइतकाच उंच नसेल, पण होता. नुसत्या डोंगरानं भाषा टिकायची असती तर बुदुग टिकायला हवी होती.

आता निजबद्दल, कारण ती गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. उदी लोक स्वतःला प्राचीन कॉकेशियन अल्बानियाचे वारस मानतात (बाल्कनमधल्या अल्बानियाशी काही संबंध नाही). चौथ्या शतकात त्या राज्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, पाचव्या शतकात स्वतःची ५२ अक्षरांची लिपी झाली असं जुन्या परंपरेत सांगतात. मग राज्य गेलं, लिपी विसरली गेली. १९३७ मध्ये जॉर्जियन विद्वान इलिया अबुलाद्झे यांना एका आर्मेनियन हस्तलिखितात ती वर्णमाला नोंदलेली सापडली. पण वाचायला मजकूरच नव्हता, दगडांवरचे थोडे तुकडे सोडले तर.

मजकूर निघाला तो इजिप्तमध्ये, सिनाई पर्वतावरच्या सेंट कॅथरिन मठात. १९७५ मध्ये तिथं आगीनंतरच्या साफसफाईत एका बंद खोलीत हस्तलिखितांचा ढीग मिळाला. त्यातल्या काही चर्मपत्रांवरचा जुना मजकूर खरवडून वर जॉर्जियन लिहिलेलं होतं. त्या खालच्या फिकट रेषा कॉकेशियन अल्बानियन लिपीच्या आहेत हे १९९० च्या दशकात झाझा अलेक्सिद्झे यांनी ओळखलं. बायबलमधले उतारे निघाले. आणि ते उलगडताना आधार झाला तो निज गावात रोज बोलल्या जाणाऱ्या उदी भाषेचा. हेझलनटच्या बागा राखणारी काही हजार माणसं घरात जी भाषा बोलत होती, तिच्यामुळे हजार वर्षांहून जुना ग्रंथ पुन्हा वाचता आला. २००८ मध्ये तो सगळा मजकूर छापून प्रसिद्ध झाला. एखाद्या छोट्या भाषेचं मोल काय, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

तांबट_नारायण

आमच्या घरी तीन पिढ्या तांब्याचं काम, पुण्यात. लाहिजबद्दल आणखी सांगा हो. हंडे ठोक्यांनी घडवतात की पत्रा कापून जोड देतात? कल्हई करतात का? हाताखाली पोरं येतात का अजून?

रानवारा

नारायणराव, ठोक्यांचंच काम. भट्टीत तांबं वितळवणारा वेगळा, घडवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा, अशी कामाची वाटणी आहे. आतून कल्हई करतात. पाण्याच्या घागरी, परडीसारख्या थाळ्या, पुलावाची भांडी, दिवे. कोरीव काम अतिशय बारीक.

पोरांचं विचारलंत तर, बाप मुलाला शिकवतो ही रीत अजून आहे, पण कारागीर कमी झाले आहेत आणि बहुतेक विक्री पर्यटकांना होते. रोजच्या स्वयंपाकाला घेणारं गिऱ्हाईक ॲल्युमिनियम आणि स्टीलनं नेलं. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तांबट_नारायण

नको खरंच. आमच्या आळीतही हेच झालं. शोभेची वस्तू घेणारं गिऱ्हाईक एकदा येतं. रोज वापरणारं गिऱ्हाईक दर दोन वर्षांनी कल्हईला परत येतं, त्यावर धंदा चालतो. लाहिजच्या मंडळींना माझा नमस्कार कळवा कधी गेलात तर.

सडेतोड

लेख चांगला आहे, पण चित्र अर्धं आहे. अझरबैजान सरकारनं २०१६ हे 'बहुसांस्कृतिकतेचं वर्ष' म्हणून साजरं केलं, त्यासाठी बाकूत केंद्र काढलं, आणि परदेशी पाहुण्यांना हीच चार-पाच गावं दाखवतात. आपणही तीच पाहून यायचं आणि वा वा करायचं का?

दक्षिणेकडे बघा. लेरिक, आस्तारा, लंकरान, मसल्ली या पट्ट्यात तालिश लोक. इराणी कुळातली भाषा. २००९ च्या जनगणनेत त्यांची नोंद १ लाख १२ हजार होती, २०१९ च्या जनगणनेत ती नव्वद हजारांच्या आत आली. दहा वर्षांत एवढी माणसं जात नाहीत, नोंद जाते. तालिश भाषेचे अभ्यासक आणि 'तोलिशी सादो' या वृत्तपत्राचे संपादक नोव्रुझअली मम्मदोव यांना २००७ मध्ये अटक झाली, देशद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, आणि २००९ मध्ये ते कैदेतच वारले. वय झालेला भाषाशास्त्रज्ञ. संविधानाच्या २१ व्या कलमात इतर भाषांच्या मुक्त वापराची आणि विकासाची हमी आहे. प्रादेशिक आणि अल्पसंख्याकांच्या भाषांबद्दलच्या युरोपीय सनदेवर अझरबैजाननं २००१ मध्ये सही केली, पण संसदेनं तिला आजवर मंजुरी दिलेली नाही.

आणि निजचं चर्च. भाषावेल्हाळ यांनी लिपीची गोष्ट सांगितली, पण नॉर्वेच्या मदतीनं त्या चर्चचा जीर्णोद्धार होत असताना भिंतीवरचे आर्मेनियन कोरीव लेख खरवडून टाकले गेले, हेही सांगायला हवं. नॉर्वेच्या राजदूतांनी त्याचा जाहीर निषेध केला होता.

भाषावेल्हाळ

सडेतोड, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं.

चर्चच्या प्रकरणामागचा इतिहास थोडक्यात सांगतो, म्हणजे उदींची कोंडी कळेल. त्यांचं जुनं अल्बानियन चर्च १८३६ मध्ये झारच्या राजवटीनं रद्द करून आर्मेनियन चर्चच्या अधिकाराखाली आणलं. त्यानंतर दीडशे वर्षं त्यांचे पुरोहित, प्रार्थना, कबरींवरची अक्षरं सगळं आर्मेनियन. १९८८ मध्ये आर्मेनिया आणि अझरबैजानमध्ये पेटलं, तेव्हा आर्मेनियन चर्चमध्ये जाणारे ते आर्मेनियन, असं धरलं गेलं. वार्ताशेनमधल्या (आताचं ओघुझ) उदींपैकी बहुतेकांना गाव सोडावं लागलं. निजमधूनही खूप जण रशियाला गेले. जे राहिले त्यांना आपण वेगळे आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागलं. २००३ मध्ये त्यांच्या अल्बानियन-उदी ख्रिस्ती समाजाची नोंदणी झाली. भिंतीवरचे लेख खरवडणं मला कधीच पटणार नाही. दगडावर जे होतं तो त्यांच्याच आजोबा-पणजोबांचा इतिहास होता. पण ते ज्यांच्या अंगावर आलं होतं त्यांची भीतीही खरी होती.

मेधा_बाकू

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं बाकूत आहे, त्यामुळे थोडं जवळून.

इवानोव्काचं नाव बाकूत प्रत्येक गृहिणीला माहीत. तिथलं लोणी, मध, मलई, पाव मिळणारी दुकानं आहेत आणि लोक विश्वासानं घेतात. पण गावात गेलात तर दिसेल की मोलोकान मुलं शिकून रशियाला जातात, आणि त्यांच्या जागी लेझगी आणि अझरबैजानी कुटुंबं येताहेत. शेत चालू आहे, प्रार्थनेला बसणारी माणसं मात्र वयस्कर. त्यामुळे रानवारा, तुमचा 'धंदा टिकला की भाषा टिकते' हा विचार इवानोव्कापुरता मला पूर्ण लागू होताना दिसत नाही. धंदा आहे, माणसं पातळ होताहेत.

उलट उदाहरण गिर्मिझी गसब्याचं. तिथं धंदा उरलेला नाही म्हटलं तरी चालेल. सोव्हिएत संघ कोसळल्यावर हजारोंनी लोक मॉस्को, इस्राएल, न्यूयॉर्कला गेले, त्यातले काही मॉस्कोत मोठे बांधकाम व्यावसायिक झाले. वर्षभर कुलपं लागलेली बंगलेवजा घरं पाहिली की वाईट वाटतं. पण उन्हाळ्यात तिशा बआवच्या सुमाराला, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिवशी, जगभरातून माणसं आपल्या पूर्वजांच्या कबरींवर येतात, आणि तेव्हा रस्त्यावर जुहुरी ऐकू येते. सोव्हिएत काळात बंद पडलेल्या सिनेगॉगपैकी काही पुन्हा उघडली आहेत. २०२० मध्ये पहाडी ज्यूंचं संग्रहालयही झालं. म्हणजे गाव धंद्यावर नाही, कबरींवर आणि सणावर टिकलं आहे. भाषा नव्या पिढीत किती उतरते हा वेगळा प्रश्न.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट. बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह, म्हणजे अग्निमंदिर, आहे, जमिनीतल्या वायूच्या ज्वाळांभोवती बांधलेलं. सतराव्या-अठराव्या शतकात मुलतान, पंजाब, सिंधकडचे व्यापारी आणि साधू तिथं राहात. खोल्यांच्या दारांवर देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख आहेत. एका लेखाची सुरुवात 'श्री गणेशाय नमः' अशी, आणि वर्ष संवत १८०२, म्हणजे इ. स. १७४५. परक्या मुलखात ती ओळ वाचताना मला रडू आलं होतं. बाकूच्या जुन्या शहरात मुलतानी कारवाँसराई, म्हणजे व्यापारी तांड्यांची धर्मशाळा, अजून उभी आहे. व्यापाराच्या वाटा बदलल्या, एकोणिसाव्या शतकात शेजारी तेलाचे कारखाने आले आणि ती वस्ती संपली. मूळ ज्वाळा १९६९ मध्ये विझल्या, आता नळानं वायू आणतात.

रानवारा

मेधाताई, तुमचं इवानोव्काबद्दलचं निरीक्षण मोलाचं. माझ्या मांडणीत एक गोष्ट जोडायला हवी : धंदा नुसता चालू असून भागत नाही, पुढच्या पिढीला तो आपला वाटायला हवा. खिनालिगच्या बाबतीतही हाच धोका आहे. पर्यटकांना घरात ठेवून मिळणारे पैसे मेंढरांमागे चालण्यापेक्षा सोपे आहेत.

सडेतोड, तुमच्या मुद्द्याला उत्तर नाही, भर आहे. जी गावं दाखवली जातात त्यांच्याइतकीच जी रिकामी झाली तीही या विषयाचा भाग आहेत.

हेलेनेनडॉर्फ घ्या. १८१९ मध्ये जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमधून आलेल्या स्वाबियन शेतकऱ्यांनी वसवलं. द्राक्षमळे, वाइन, १८५७ चं लुथरन चर्च, मध्ययुरोपीय धाटणीची घरं, दोन्ही बाजूंना झाडं लावलेले रस्ते. ऑक्टोबर १९४१ मध्ये स्तालिनच्या हुकुमानं अझरबैजानमधल्या सगळ्या जर्मनांना उचलून कझाकस्तान आणि सायबेरियाकडे पाठवलं. ज्यांचे जोडीदार इतर समाजाचे होते असे मोजके मागं राहू शकले. गावातला शेवटचा जर्मन रहिवासी २००७ मध्ये वारला. गावाचं नाव आधी खानलार आणि २००८ मध्ये ग्योयग्योल झालं. घरं आहेत, चर्च आहे, वाइनचा कारखाना आहे. सडेतोड यांच्या प्रश्नाच्या प्रकाशात पाहिलं तर इथं ना डोंगर कामी आला, ना धंदा. सरकारनं ठरवलं की सव्वाशे वर्षांचं गाव काही दिवसांत रिकामं होतं.

आणि दुसरी, जी मला सर्वांना सांगायची आहे. शमाखी जिल्ह्यात केरकेंज नावाचं आर्मेनियन गाव होतं. आर्मेनियाच्या उत्तरेला गिझिल शफाग नावाचं अझरबैजानी गाव होतं. १९८८ नंतर दोन्हीकडे माणसांना हुसकावलं जात होतं. आर्मेनियातून अझरबैजानी आणि अझरबैजानमधून आर्मेनियन, लाखोंनी. या दोन गावांतल्या जाणत्या माणसांनी एकमेकांना गाठलं, बोलणी केली, आणि १९८९ मध्ये गावांची अदलाबदल केली. घराच्या बदल्यात घर. त्यात एक अट दोन्ही बाजूंनी मान्य केली : तुमच्या स्मशानभूमीची काळजी आम्ही घेऊ, आमच्या स्मशानभूमीची तुम्ही घ्या. पुढे युद्ध झालं, सीमा बंद झाली, एकमेकांकडे जाणं अशक्य झालं. तरी दोन्ही गावांनी कबरी सांभाळल्या. कुठल्याही सरकारनं हे घडवून आणलं नाही, शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवलं आणि पाळलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये काराबाखमधून, म्हणजे ज्या भागावरून हे दोन देश लढले तिथून, एक लाखाहून जास्त आर्मेनियन काही दिवसांत निघून गेले, त्याआधी नव्वदच्या दशकात त्याच भागातून लाखो अझरबैजानी उखडले गेले होते. त्या बातम्या वाचताना मला केरकेंज आठवत राहिलं.

सडेतोड

केरकेंजबद्दल माहीत नव्हतं. ही गोष्ट धाग्याच्या मूळ लेखात वर घ्या, अशी विनंती.

शमिका

सडेतोड यांना अनुमोदन.

अजून एक विचारू का? भारत-पाकिस्तान तणावाच्या वेळी २०२५ मध्ये अझरबैजाननं पाकिस्तानची बाजू घेतली, आपल्याकडे सहली रद्द झाल्या. तरीही जावं असं वाटतं का तुम्हाला?

मेधा_बाकू

ज्याचा त्यानं निर्णय घ्यावा, मी कुणाला आग्रह करणार नाही. मी एवढंच सांगेन की खिनालिगमध्ये ज्या बाईच्या घरी आम्ही उतरतो, तिला या राजकारणाशी देणंघेणं नाही. तिच्याकडे तुम्ही दिलेले पैसे तिच्याच चुलीपर्यंत जातात. बाकूतली मोठी हॉटेलं आणि ती बाई यांना एकाच मापानं मोजू नये.

भाषावेल्हाळ

शाळेबद्दल कुणी विचारलं नाही, पण तिथंच सगळं ठरणार आहे म्हणून लिहितो. निजच्या शाळांमध्ये प्राथमिक वर्गांत उदी विषय म्हणून शिकवतात, त्यासाठी वाचनमाला तयार झाली. जॉर्जियन बोलणाऱ्या इंगिलोय लोकांसाठी गाख जिल्ह्यात जॉर्जियन माध्यमाच्या शाळा आहेत. इवानोव्कात रशियन माध्यम आहे, आणि रशियनला देशभर प्रतिष्ठा असल्यानं ते वर्ग सहज भरतात. तेव्हा प्राथमिक वर्गांत आठवड्याला दोन तास मिळणारी भाषा आणि ज्या भाषेत गणित-विज्ञान शिकता येतं ती भाषा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खिनालिग किंवा बुदुगच्या मुलाची शाळा अझरबैजानी माध्यमाची. घरची भाषा लिहायची सवय त्याला सहसा लागत नाही. धंदा, डोंगर, सण, सगळं मान्य, पण मला विचाराल तर त्या मुलाला स्वतःचं नाव स्वतःच्या भाषेत फळ्यावर लिहू द्या, तिथून सुरुवात करा.

रानवारा

यावर माझं आणि तुमचं एकमत आहे. मूळ लेखात केरकेंजचा आणि शाळांचा भाग जोडतो.

गाख आणि झगतालाकडचं मी मुद्दाम या लेखात घेतलं नाही, त्यावर स्वतंत्र धागा काढणार आहे. तिथं अवार, साखुर, इंगिलोय शेजारी शेजारी आहेत. इंगिलोयांमध्ये गाखकडचे बरेचसे ख्रिस्ती, तर झगतालातल्या अलियाबादचे मुसलमान. गाखजवळ क्युर्म्युकच्या टेकडीवर सेंट जॉर्जचं देऊळवजा चर्च आहे, तिथल्या जत्रेला दोन्ही धर्मांची माणसं येतात, मेणबत्त्या लावतात, नवस फेडायला मेंढरू कापतात आणि तिथंच शिजवून वाटतात. जत्रा वर्षातून दोनदा, ६ मे आणि २३ नोव्हेंबरच्या सुमाराला. कुणी त्या वेळी गेलं असेल, किंवा जाणार असेल, तर इथं लिहा. विशेषतः मुसलमान इंगिलोय कुटुंबं अजूनही पूर्वीइतकीच येतात का, हे मला जाणून घ्यायचं आहे.